गोठवलेल्या स्त्रीबीजाला दहा वर्षांची मुदत कशासाठी?

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
अध्यक्ष, राष्ट्रीय सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान व सरोगसी मंडळ,
नवी दिल्ली

महोदय,


मी पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. 'डॉक्टर, एग फ्रीझिंग करून घेऊ का?' हा प्रश्न मला अलीकडे वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्यांत कुणी आयटीत नोकरी करते, कुणाची पीएचडी रखडली आहे, कुणाचं लग्न जमत नाही, कुणाचं नुकतंच मोडलं आहे. 'करिअरच्या हव्यासापायी मुली मूल लांबवतात' असं सर्रास बोललं जातं, ते मला अन्यायाचं वाटतं. येल विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञ मार्शा इनहॉर्न यांनी बीजं गोठवलेल्या दीडशेहून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतही मुख्य कारण निघालं ते योग्य जोडीदार न मिळणं हेच.

या मुलींना मी आधी शरीराचा हिशोब सांगते. जन्माच्या वेळी मुलीच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजं असतात. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात ती चारशे-पाचशे. बाकीची विरून जातात, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेतल्याने किंवा गरोदर राहिल्याने ती वाचत नाहीत. पस्तिशीनंतर ही गळती अधिकच जाणवू लागते. पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्ती साधारण एक्कावन्नाव्या वर्षी येते, आपल्याकडे सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिशीतच. म्हणजे आपल्या मुलींच्या हाती मुळातच कमी वर्षं आहेत.

संख्येपेक्षा मला काळजी वाटते ती बीजाच्या प्रतीची. बीजातल्या गुणसूत्रांची वाटणी मुलगी आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. ती पुढे सरकते थेट ते बीज बाहेर पडण्याच्या वेळी, म्हणजे कधी वीस, कधी चाळीस वर्षांनी. एवढ्या काळात गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिनं झिजतात आणि वाटणी चुकायला लागते. वयाबरोबर गर्भपात वाढतात ते मुख्यतः यामुळे. डाउन सिंड्रोमची शक्यता तिशीच्या आईत सुमारे हजारात एक असते, ती चाळिशीत शंभरात एकीच्या आसपास जाते. 'पण माझी पाळी अगदी नियमित आहे,' असं मुली म्हणतात. नियमित पाळीवरून बीजाची प्रत कळत नाही. एएमएच या संप्रेरकाची रक्ततपासणीही शिल्लक साठ्याचा अंदाज देते, त्यापलीकडे काही नाही.

म्हणून बीजं गोठवायचीच असतील तर ती तिशीच्या आगेमागे गोठवावीत, असा सल्ला मी देते. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेलं बीज गोठवलं त्याच वयाचं राहतं. झटपट गोठवण्याची व्हिट्रिफिकेशन पद्धत आल्यावर अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये या उपचारावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला.

इथवर सांगून झालं की कायदा सांगावा लागतो, आणि तिथे माझा सल्ला अडतो. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत. एकवीस वर्षांवरील अविवाहित स्त्रीलाही त्याने दार उघडलं, उपचारासाठी पन्नास वर्षांची मर्यादा घातली, केंद्रांना नोंदणी सक्तीची केली. पण त्याचं कलम २८ म्हणतं की दात्याची बीजं आणि भ्रूण दहा वर्षांपेक्षा जास्त ठेवू नयेत; त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावेत किंवा संमतीने संशोधनाला द्यावेत. स्वतःसाठीच बीज ठेवणाऱ्या स्त्रीचं काय, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं नाही. व्यवहारात तिलाही दहा वर्षांचीच मुदत सांगितली जाते.

याचा परिणाम पाहा. सत्ताविसाव्या वर्षी उत्तम बीजं गोठवणाऱ्या मुलीची मुदत सदतिसाव्या वर्षी संपते, नेमकी तिला त्यांची गरज पडू लागते तेव्हा. अडतिसाव्या वर्षी गोठवणारीला मात्र अठ्ठेचाळीसपर्यंत सवड मिळते. वेळेत सावध होणारीचं नुकसान आणि उशीर करणारीची सोय, असा हा नियम आहे.

कर्करोगाच्या तरुण रुग्णांवर तर तो फारच कठोर आहे. केमोथेरपीने अंडाशय निकामी होऊ शकतात, म्हणून उपचाराआधी बीजं काढून ठेवावी लागतात. स्तनाच्या कर्करोगानंतर अनेकींना टॅमॉक्सिफेन पाच ते दहा वर्षं घ्यावी लागते, आणि ती चालू असताना गर्भ राहू द्यायचा नसतो. औषध दहा वर्षं चाललं, तर ते संपेल तेव्हा बीजांची मुदतही संपलेली असेल. आजारातून वाचलेल्या मुलीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

ब्रिटनमध्येही पूर्वी दहा वर्षांचीच मर्यादा होती. जुलै २०२२ पासून तिथे दर दहा वर्षांनी संमतीचं नूतनीकरण करून एकूण पंचावन्न वर्षं बीजं साठवून ठेवता येतात. आपल्याला इतकी लांब मुदत नको, कारण उपचाराची वयोमर्यादाच पन्नास आहे. तीच साठवणुकीचीही मर्यादा असावी.

दुसरं मागणं पारदर्शकतेचं. एग फ्रीझिंगच्या जाहिरातींत त्याला 'विमा' म्हटलं जातं. न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोनमधल्या २०२२ च्या अभ्यासात बीजं वापरायला परत आलेल्या स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांना मूल झालं. अडतिशीच्या आत गोठवणाऱ्यांत हे प्रमाण ५१ टक्के होतं, आणि अशा ज्यांची वीस वा अधिक बीजं वितळवली गेली, त्यांच्यात ७० टक्के. हा विमा नव्हे. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मग भूल देऊन बीजं काढणं, लाखाच्या घरातला खर्च आणि दरवर्षीचं साठवणूकभाडं सोसणाऱ्या स्त्रीला हे आकडे आधी कळायलाच हवेत. उपचारांच्या निष्पत्तीची माहिती राष्ट्रीय नोंदवहीकडे जमा व्हावी, अशी तरतूद आपल्या कायद्यात आहेच. ती माहिती वयोगटवार, केंद्रवार लोकांसमोर ठेवा.

आणि एक. १९८६ मध्ये मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं, ते सार्वजनिक रुग्णालयात. निदान कर्करोगाच्या रुग्णांसाठी तरी बीज गोठवण्याची मोफत सोय सरकारी रुग्णालयांत व्हावी.

कायदा अंमलात आला जानेवारी २०२२ मध्ये. त्या वर्षी बीजं गोठवलेल्या स्त्रियांची दहा वर्षं २०३२ मध्ये भरतील. त्याआधी कलम २८ मध्ये दुरुस्ती करावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
पुण्यातील एक स्त्रीरोगतज्ज्ञ