विश्लेषण : जहाजांच्या कचऱ्याचे ओझे मनोरीच्या कोळ्यांनी का वाहायचे?

मार्वेहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मनोरी येते. इथल्या कोळीवाड्याचे पोट समुद्रावर. समुद्रात काय टाकले जाते, हा प्रश्न इथे थेट जाळ्याशी येऊन भिडतो.

समुद्रातला सगळा कचरा जहाजांचा नसतो. शहरातील नाले आणि खाड्यांतून येणारे प्लास्टिक मोठे आहे. तरीही जहाजांचा वाटा नजरेआड करता येत नाही.

धोका किती खरा?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे धडकली. तेल सांडले, कंटेनर समुद्रात पडले. वर्षभराने, ४ ऑगस्ट २०११ रोजी, कोळसा घेऊन निघालेले ‘रॅक कॅरिअर’ बुडाले आणि तेलाचा तवंग पसरला. अपघात नसतानाही पावसाळी वारे दरवर्षी मुंबईच्या चौपाट्यांवर डांबरगोळे आणून टाकतात.

नियम काय सांगतात?

‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय कराराने १९८८ च्या अखेरीपासून जहाजावरून प्लास्टिक समुद्रात टाकण्यास मनाई केली. २०१३ पासून अन्नाच्या उरल्यासुरल्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर जवळपास सर्वच कचऱ्यावर बंदी आहे. इंजिनाकडचे तेलकट पाणी गाळून, त्यात दहा लाखांत १५ भागांपेक्षा जास्त तेल नसेल तरच सोडता येते. बाकीचे बंदरात उतरवायचे आणि त्याची नोंद ठेवायची.

मग घोडे कुठे अडते?

हिशेबात. कचरा बंदरात देण्यासाठी पैसे आणि वेळ लागतो. अंधारात समुद्रात लोटणे फुकट. भर समुद्रात पहारेकरी नसतो. म्हणजे नियम पाळणाऱ्यालाच भुर्दंड.

उपाय काय?

युरोपीय संघाने २०१९ च्या कायद्यात हा हिशेबच उलटा केला. जहाज कचरा देवो वा न देवो, शुल्क प्रत्येकाकडून घ्यायचे. पैसे आधीच भरले असतील, तर कचरा फेकून फायदा काय? मासेमारांच्या जाळ्यात आलेला कचराही तिथे वेगळे पैसे न घेता स्वीकारला जातो. केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरात २०१७ पासून ‘शुचित्व सागरम’ उपक्रमात मच्छीमार जाळ्यातले प्लास्टिक किनाऱ्यावर आणू लागले. ते पुढे रस्तेबांधणीत वापरले गेले.

महाराष्ट्रानेही हेच करावे. मोठ्या बंदरांत सरसकट शुल्क घ्यावे आणि त्यातला वाटा मनोरीसारख्या लहान बंदरांवरील कचरा संकलनाला द्यावा. जाळ्यात आलेले प्लास्टिक किनाऱ्यावर आणायचे तर बोटीत जागा अडते, ते निवडण्यात वेळ जातो. धक्क्यावर ते घेणारे कोणी नसेल, तर तांडेलाने ते पुन्हा पाण्यात सोडले म्हणून त्याला दोष कसा द्यायचा?

समुद्र साफ ठेवायला कोळ्यांना शिकवण्याची गरज नाही. त्यांनी काढलेली घाण उचलायला धक्क्यावर कोणीतरी हवे, आणि त्याचा खर्च ती करणाऱ्याच्या खिशातून यायला हवा.