वय न वाढणारी माणसे

आपल्या लहानपणाइतके सुंदर लहानपण पुढे कुणाच्या वाट्याला आलेच नाही, याविषयी प्रत्येक पिढीची अगदी खात्री असते. आमच्या वडिलांच्या पिढीला मामाचा गाव, आट्यापाट्या आणि ‘चांदोबा’ आठवला, की पुढचे शब्द घशात अडकत. आम्हांला दूरदर्शनवरचा रविवार आठवतो. एवढे ठीकच आहे. पण परवा प्रथम वर्षाच्या वर्गातली एक मुलगी, वय वर्षे अठरा, भला मोठा सुस्कारा टाकून मला म्हणाली, “मॅडम, आमच्या लहानपणीचा डोरेमॉन आता राहिला नाही हो!” अठराव्या वर्षी ‘आमच्या लहानपणी’! मला हसू आले. मग मनात आले, सुस्कारा टाकायला किमान वयाची अट कुणी घातली आहे?

ज्यांना ही मंडळी ‘ॲनिमे’ म्हणतात त्या जपानी चित्रमालिका आणि व्हिडिओ गेम यांच्यावर पोसलेल्या माणसांची आता जगभर एक जातच झाली आहे. त्यांतले पुष्कळ जण चाळिशी ओलांडलेले, चष्मा लागलेले आणि घराचे हप्ते फेडणारे आहेत. तिऱ्हाइताला वाटते, यांना मोठे व्हायचेच नाही. मला मात्र वाटते, काळ सरतो म्हणजे काय होते, हे यांच्याइतके रोखठोक फार थोड्यांना कळले असेल. कारण काळ मोजण्याचे एक अजब माप यांच्या हाती आहे. ते म्हणजे वय न वाढणारी माणसे.

‘साझाए-सान’चेच पाहा ना. ५ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झालेली ही मालिका जगातली सर्वांत दीर्घायुषी चित्रमालिका मानली जाते. जपानी कुटुंबे ती रविवारी संध्याकाळी साडेसहाला पाहत आली आहेत. कथा म्हणाल तर आपल्या वाड्यातली शोभावी अशी: आईबाप, लग्न झालेली लेक, सासुरवाडीला राहणारा जावई, लहान भावंडे आणि नातू, सगळे एका छपराखाली. साझाएचा धाकटा भाऊ कात्सुओ अकरा वर्षांचा. वडील नामिहेई चौपन्न वर्षांचे, डोक्यावर मधोमध एकच केस बाळगून असलेले. १९६९ साली कात्सुओच्या वयाचा जो मुलगा पडद्यासमोर मांडी घालून बसला, तो आज पासष्टी ओलांडून गेला आहे. कात्सुओ अजून अकराचाच. म्हणजे जो एके काळी कात्सुओचा सवंगडी होता, तो आता नामिहेईपेक्षाही वडीलधारा झाला! नामिहेईला पहिल्या भागापासून आवाज देणारे इचिरो नागाई २०१४ साली वारले. आवाज दुसऱ्याने उचलला. डोक्यावरचा तो एक केस मात्र जागच्या जागी आहे. ही मालिका संपली, की ‘उद्या कचेरी’ या आठवणीने मन खट्टू होते. त्या खट्टू होण्याला जपानी लोकांनी ‘साझाए-सान सिंड्रोम’ असे नावच देऊन टाकले आहे.

मी मराठीची मास्तरीण असल्यामुळे शब्दांशी चाळा करण्याची मला खोड आहे. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ साली योहानेस होफर याने घडवला, तो चक्क एका रोगाचे नाव म्हणून. घरापासून दूर पडलेल्या माणसाला जडणारा रोग! आपण त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो. त्यात थोडी करमणूक आली. जपानी माणूस जुनी वस्तू पाहून ‘नात्सुकाशी’ म्हणतो. हा शब्द ज्या क्रियापदापासून निघाला त्याचा अर्थ, माणसाळणे, लळा लागणे. मला हे नाव सर्वांत खरे वाटते. रोग नव्हे, करमणूकही नव्हे. लळा!

आता लळा हा वस्तूंचाही लागतो आणि वस्तूंना तर वय असते. चित्रांतली मुले वाढत नाहीत, पण खेळांची यंत्रे म्हातारी होतात. ‘फॅमिकॉम’ हे घरगुती खेळाचे यंत्र जपानात १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आले. सुरुवातीच्या खेळांना स्मरणशक्ती नव्हती. १९८७ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या दुसऱ्या भागात खेळ थांबवताना यंत्र ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ देई. तो बावन्न अक्षरांपर्यंत लांबे. मुले तो वहीत उतरवून घेत; एक अक्षर चुकले, की आठवड्याची मेहनत पाण्यात. पुढे कॅसेटच्या पोटात घड्याळात असतो तसा चपटा सेल आला आणि खेळाला आठवण राहू लागली. पण सेल तो किती पुरणार? पंधरा-वीस वर्षे. नंतर तो निमूटपणे विझतो आणि धाकट्याने लहानपणी आपले नाव घालून जपून ठेवलेला डाव कायमचा पुसला जातो. हौशी मंडळी कॅसेट उघडून, डाग देऊन नवा सेल बसवतात. पण जुना नुसताच काढला, तर उरलीसुरली आठवणही त्याच्याबरोबर जाते!

त्या मूळ जपानी यंत्राच्या दुसऱ्या रिमोटची गंमत ऐका. त्याला खेळ सुरू करण्याचे बटणच नव्हते. त्याऐवजी बोलण्यासाठी एक ध्वनिक्षेपक बसवलेला होता. म्हणजे सुरू करण्याचा अधिकार नाही, बोलण्याची मात्र मुभा. संसारात अशा कितीतरी माणसांना आपण ओळखतो! आमच्या घरी या यंत्राची स्वस्त नक्कल होती आणि मी थोरली असूनही दुसरा रिमोट माझ्याच वाट्याला येई. ‘काँट्रा’ खेळताना आरंभी बटणांची एक खूण दाबली, की तीन जिवांचे तीस जीव होत: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. आई म्हणे, “ही पोरे या खेळातच बी. ए. होणार!”

पुढे वडिलांच्या माघारी घराच्या वाटणीवरून आम्हां भावंडांत अबोला आला. दोन भाऊबिजा कोरड्या गेल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये काझुहिसा हाशिमोतो नावाचे गृहस्थ वारले. १९८६ साली ‘ग्रॅडियस’ हा खेळ तपासताना तो त्यांना स्वतःलाच जड जाई, म्हणून त्यांनी ही खूण त्यात घालून ठेवली होती. ती बातमी वाचून धाकट्याने मला मोबाइलवर एवढेच लिहिले, “ताई, वर वर, खाली खाली.” मी बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिले. मग लिहिले, “डावी उजवी, डावी उजवी.” वाटणीचा कागद अजून तसाच पडून आहे. पण त्या वर्षी टाळेबंदीमुळे त्याला येता आले नाही, तेव्हा मी मोबाइलच्या काचेलाच ओवाळले.

तर काळ न वाढणाऱ्या मुलांच्या बाजूने कधीच वाहत नाही. तो पडद्याच्या अलीकडे, आपल्या सतरंजीवरून वाहतो. आपल्याला चुटपुट लागते ती चित्राची नव्हे, शेजारी बसलेल्या माणसाची. बाजाराला हे पक्के ठाऊक आहे. म्हणूनच २०१६ साली तीस खेळ पोटात भरलेला चिमुकला फॅमिकॉम नव्याने विक्रीला आला. शेजारचे माणूस मात्र त्या खोक्यात मिळत नाही.

हे सर्वांत आधी ओळखले ते डोरेमॉनच्या जनकाने. नोबिताच्या टेबलाच्या खणातच कालयंत्र आहे. फुजिको एफ. फुजिओ यांनी १९७० साली लिहिलेल्या एका गोष्टीत तो त्यातून मागे जातो. कशासाठी? खेळण्यासाठी नव्हे, परीक्षेची उत्तरे आणण्यासाठीही नव्हे. वारलेल्या आजीला एकदा पाहायचे असते. तो एवढा मोठा झालेला पाहूनही आजी त्याला ओळखते. म्हणते, पाठीवर दप्तर घेऊन शाळेत निघालेला तू मला पाहायचा होतास. नोबिता धावत जाऊन दप्तर घेऊन येतो. आणि मग आजीची भूक वाढते: आता तुझी बायको पाहायची आहे!

मागे गेलेल्या नातवाला आजी पुढेच ढकलते आहे. या दिवाळीत फराळाचे डबे उघडाल तेव्हा घरातल्या कुणा चाळिशीतल्या माणसाला जुने कार्टून पाहताना हटकू नका. शेजारी बसा. दुसरा रिमोट रिकामाच असतो.