पुराव्यापुरते बोलावे

घरातल्या मुलीने ‘प्राचीन इतिहासात एम.ए. करणार’ असे जाहीर केले की सख्ख्या काकांपासून शेजारच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : ‘त्याला स्कोप काय?’ प्रश्न गैर नाही. पुरातत्त्व खात्यातल्या जागा मोजक्या, संग्रहालयांतल्या त्याहून मोजक्या, आणि महाविद्यालयात शिकवायचे म्हटले तर नेट-सेट होऊनही तासिका तत्त्वावर वर्षे काढावी लागतात. यंदाचा अंक या विषयाला वाहताना आम्ही हे झाकून ठेवणार नाही. ही मुले-मुली दोन वर्षे नेमके काय शिकतात आणि त्यातले आपल्यासारख्या न शिकलेल्यांना काय घेता येईल, हे मात्र आम्हाला विचारायचे होते.

पुण्यात हे विचारण्याची हक्काची जागा म्हणजे येरवड्याचे डेक्कन कॉलेज. 1821 साली विश्रामबागवाड्यात दक्षिणा फंडातून संस्कृत पाठशाळा निघाली, तिचे पुढे पूना कॉलेज झाले आणि 1864 मध्ये डेक्कन कॉलेज. टिळक इथले विद्यार्थी, इतिहासाचार्य राजवाडेही इथलेच. 1934 साली सरकारने कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी कोर्टाची पायरी चढून ते वाचवले, आणि 1939 मध्ये केवळ पदव्युत्तर अभ्यास व संशोधनासाठी ते पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी हसमुख धीरजलाल सांकळिया तिथे रुजू झाले. मुंबईत जन्मलेला, लंडनची पीएच.डी. घेऊन आलेला हा गुजराती माणूस पुढे आयुष्यभर नद्यांचे काठ तुडवत राहिला. प्रवरेकाठी जोर्वे आणि नेवासे, नर्मदेकाठी नावडाटोली, घोडनदीकाठी इनामगाव. सातवाहनांच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात घरे बांधून, शेती करून राहणारी माणसे होती, हे ठामपणे सांगता येऊ लागले ते अशा उत्खननांमुळे.

इनामगाव शिरूर तालुक्यात. 1968 ते 1983 या काळात तिथे हंगामामागून हंगाम खोदकाम झाले, सांकळियांबरोबर झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर होते. वस्तीचा काळ ढोबळमानाने इ.स.पू. 1600 ते 700. राजाचे नाव नाही, शिलालेख नाही, नाणे नाही. हाती लागले ते घरांच्या सारवलेल्या जमिनी, चुली, खांबांचे खळगे, जळालेले जव, गुरांची हाडे आणि काळ्या रंगात नक्षी काढलेली लाल खापरे. एवढ्यावरून गाव उभे करायचे.

या गावात लहान मूल गेले की घराच्या जमिनीखालीच त्याला पुरत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि मूल त्यांच्या आत. मोठे माणूस खड्ड्यात उताणे निजवलेले, पण त्याची पावले घोट्यापाशी तोडलेली. हे ऐकले की कुणीही चटकन म्हणेल, भूत होऊन चालते होऊ नये म्हणून! शक्य आहे, अभ्यासकांनीही हा अर्थ सुचवला आहे. पण विद्यार्थ्याने आधी हाडे कुठल्या थरात, कुठल्या दिशेला, कशी होती ते लिहायचे, आणि त्यानंतरच ‘बहुधा’ म्हणून अर्थाकडे वळायचे. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण निघाला. त्यात बसत्या स्थितीत पुरलेला पुरुष, आणि त्याची पावले मात्र शाबूत. शेजारची वास्तू धान्याच्या कोठारासारखी. या गोष्टी एकमेकींशेजारी मांडल्यावर हा गावचा प्रमुख असावा, असे अनुमान निघाले. ते पटते. तरीही त्याला कुणी सिंहासनावर बसवू लागले, तर तेवढे वजन हा पुरावा पेलत नाही, हे सांगणे अभ्यासकाचे काम.

इ.स.पू. 1000 नंतर या गावातली ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती आक्रसते, जनावरांवरची भिस्त वाढते आणि शेवटी वस्ती उठते. पाऊसमान घटले असावे, असे ढवळीकरांचे मत. शिरूरच्या शेतकऱ्याला हे समजावून द्यावे लागणार नाही.

पुराव्यापुरते बोलण्याची हीच शिस्त पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, भांडारकर संस्थेत, पोथ्यांना लावली गेली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 मध्ये सुरू झाले आणि 1966 मध्ये पुरे झाले. वि. स. सुखटणकरांनी संपादलेले आदिपर्व 1933 साली आले, तेव्हा व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे ही सर्वांची लाडकी कथा मूळ पाठात नव्हती. हस्तलिखितांची साक्ष तिच्या बाजूने पुरेशी नव्हती, म्हणून ती परिशिष्टात गेली. ती फेकून दिली नाही, छापली. पण तिच्या जागी. ज्या शहरात गल्लोगल्ली गणपती बसतो तिथे हे झाले, याचा पुणेकरांनी मानाच्या गणपतींइतकाच अभिमान बाळगायला हरकत नाही.

याच संस्थेवर जानेवारी 2004 मध्ये शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकावरून हल्ला झाला, हेही याच शहरात घडले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या काळावरून आपण हमरीतुमरीवर येतो, कारण तिथे प्रत्येकाचे कुणी ना कुणी असते. इनामगावच्या त्या रांजणातल्या माणसाचा वंशज म्हणवून घ्यायला कुणी येत नाही. त्याच्यावरून भावना दुखावत नाहीत. म्हणून प्राचीन इतिहास हा पुराव्याशी सरळ वागण्याचा सराव करायला बरा विषय आहे. तिथेही आर्य कोण, असा विषय निघाला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भल्याभल्यांचा तोल जातो, ही गोष्ट वेगळी.

हा सराव पदवीवाल्यांचीच मक्तेदारी नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक. पुण्यात राहून त्यांनी चांदीची आहत नाणी एकेक करून तोलली. हातोहात फिरताना नाणे किती झिजते, यावरून त्यांनी त्या काळाच्या व्यवहाराचा अंदाज बांधला. कुतूहलाला तराजूची जोड मिळाली की काय होते, ते यातून दिसते.

एक खंत मात्र आहे. उत्खननांचे अहवाल बहुतेक इंग्रजीत, जाडजूड आणि ग्रंथालयांत कुलूपबंद. ज्यांच्या शेतातल्या ढिगाऱ्यातून ही खापरे निघाली, त्यांच्या भाषेत ती कथा क्वचितच येते. ढवळीकरांच्या ‘महाराष्ट्राची कुळकथा’सारखी पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाने फराळासोबत वैचारिक लेखही आवडीने वाचले आहेत. मग ट्रेंचमधले, पॉटरी यार्डातले, ब्राह्मी गिरवणाऱ्या वर्गातले मराठी त्याच्यापर्यंत का पोचू नये? या अंकातले लेखक त्यासाठीच आम्ही गाठले. तरुण अभ्यासकांना आम्ही एकच अट घातली होती : कळते तेवढेच लिहा, पण कसे कळले तेही लिहा.

वाचकांना एक विनंती. अंकातले एखादे विधान खटकले, तर जरूर पत्र लिहा, कडक लिहा. फक्त आपल्या म्हणण्याला पुरावा कोणता, ते पत्रात असू द्या. अशी पत्रे आम्ही पुढच्या अंकात आनंदाने छापू.