रविवार कुणी फुकट दिलेला नाही

ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन 90 तासांवर पोचले. माणसांना रविवारीही कामाला लावता येत नाही, अशी खंत त्यांनी बोलून दाखवली. त्यांच्या कंपनीचं मुख्य कार्यालय बॅलार्ड इस्टेटला आहे. रविवारच्या सुट्टीची लढाई त्याच मुंबईत, परळला सुरू झाली होती.

जास्त तास मागणाऱ्यांची बाजू आधी नीट ऐकू. देश मागे आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी-जपान राबले म्हणून वर आले, आणि 'असेल माझा हरी' म्हणणाऱ्याला खाटल्यावर कुणी काही आणून देत नाही. हे शेवटचं मलाही पूर्ण मान्य आहे. पण जास्त तास म्हणजे जास्त काम, हे गृहीतक खोटं आहे. मुंबईच्या गिरणगावाने ते कधीच खोटं ठरवलं आहे.

सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरवली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज निघाला. मागण्या किती साध्या होत्या पाहा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, वेळेवर पगार, अपघात झाला तर भरपाई. दिवसभर राबून वर सूर्यास्तापर्यंतच राबवा म्हणणाऱ्या या माणसांना आळशी कोण म्हणेल? सहा वर्षांच्या झगड्यानंतर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. धंदा बुडाला नाही. पुढेही मुंबईत नवी धुराडी उभी राहतच गेली.

पुढे विजेचे दिवे आले आणि 1905 च्या सुमारास काही गिरण्यांचा दिवस 14-15 तासांवर गेला. त्याच दशकात नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे एक तक्रार वारंवार आली: कामगार मधूनच साचा, म्हणजे माग, सोडून विडी ओढायला, पाणी प्यायला बाहेर जातो आणि रेंगाळतो. मालकांना त्यात कामचुकारपणा दिसला. मला शरीराचा हिशेब दिसतो. न दिलेली विश्रांती शरीर चोरून घेतं, आणि चोरून घेतलेल्या विश्रांतीने थकवाही जात नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत किती तासांत किती माल निघतो याचं मोजमाप झालं. त्या नोंदी अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कॅव्हल यांनी 2014 मध्ये पुन्हा तपासल्या. आठवड्याला 70 तास राबून निघणारा माल 56 तासांत निघणाऱ्या मालाहून फारसा जास्त नव्हता. वरचे 14 तास बहुतेक वाया गेले होते. मूर्तींनी सांगितलेला आकडा नेमका 70 चा आहे.

यंत्रावरच्या कामाचं हे असं, मग बुद्धीच्या कामाचं काय? गिरगावात देवधरांच्या संगीत विद्यालयात शिकलेले कुमार गंधर्व ऐन उमेदीत क्षयाने अंथरुणाला खिळले. काही वर्षं गाणं बंद. देवासला पडल्या पडल्या ते माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले. 1953 च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्या ऐकण्यातून नवे धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग आले होते. आजारपण कुणाच्या वाट्याला येऊ नये. पण रियाज सुटलेल्या त्या वर्षांनी त्यांच्या गाण्याला जे दिलं, ते आणखी चार तासांच्या रियाजाने मिळालं असतं असं मला वाटत नाही. मन स्वस्थ असतं तेव्हाच ते ऐकतं, जोडतं, नवं सुचवतं.

एक आक्षेप उरतो: स्वस्थता पोट भरलेल्यांना परवडते, हातावर पोट असलेल्याला नाही. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण सुपारीबागेत जमलेल्यांचंच पोट हातावर होतं. सुट्टी म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. 1922 च्या कायद्याने कामाचा दिवस 11 तासांवर आला. त्याच वर्षी परळला दामोदर नाट्यगृह उभं राहिलं, आणि साच्यावर उभी राहणारी माणसं तिथे रंगमंचावर उभी राहिली. गिरणगावाने महाराष्ट्राला कापड दिलं, तशी शाहिरी आणि नाटकंही दिली.

आज लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या आहेत आणि रविवारी सकाळीही तिथल्या माणसांच्या फोनवर कामाचे निरोप येतात. त्या कचेऱ्या चालवणाऱ्यांत मराठी माणसंही आहेत. त्यांना माझी विनंती आहे: येत्या शनिवारी संध्याकाळी आपल्या हाताखालच्या लोकांना स्पष्ट सांगा की सोमवारपर्यंत एकही निरोप येणार नाही, आणि आपला शब्द पाळा.