माडावरची पांढरी माशी : फवारणीआधी पान उलटून बघा



झावळ्या काळ्या पडल्या की लगेच फवारणीवाल्याला फोन जातो. माझं मत सरळ आहे, रुगोज चक्राकार पांढऱ्या माशीवर रासायनिक औषध मारूच नका.

ही कीड मूळची मध्य अमेरिकेतली. भारतात २०१६ साली तमिळनाडूत पोल्लाची भागात सापडली, आता कोकणातही आहे. पानाखालून रस शोषते आणि चिकट गोड द्रव टाकते. त्यावर काळी बुरशी वाढते. दिसायला भयंकर, पण तेवढ्याने माड मरत नाही.

पान उलटून भिंगातून बघा. पांढऱ्या मेणाखालच्या कोषांना गोल भोकं दिसली तर समजा, एन्कार्शिया आलाय. हा बारीकसा मित्रकीटक माशीच्या पिल्लांत अंडी घालतो. विषारी औषधाने तोही मरतो, आणि माशी मोकाट सुटते. त्याला कुंपण कळत नाही. एकाने फवारलं की शेजाऱ्याचंही नुकसान. म्हणून हा निर्णय एकट्याचा नाही, आजूबाजूच्या सगळ्यांनी बसून ठरवा.

मग करायचं काय?
- लहान माडांवर पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा
- पिवळे चिकट सापळे
- फारच वाढली तर निंबोळी तेल ५ मिली प्रति लिटर, साबण घालून
- भोकं असलेली झावळी जाळू नका, तिचे तुकडे गावातल्याच दुसऱ्या माशी लागलेल्या माडाला बांधा
- रोपं घेताना पानं उलटून तपासा

मित्रकीटक फुकट राबतोय. त्याला मारायला पैसे का मोजायचे?