वाजवून घ्या, मग वापरा

तुमची आजी बाजारात मडके घ्यायला जाते तेव्हा काय करते, ते तुम्ही पाहिले आहे का? ती मडके हातात घेते, चारही बाजूंनी पाहते आणि बोटाने वाजवते. आवाज खणखणीत आला तर मडके पक्के. आवाज बद्द आला तर त्याला कुठेतरी तडा आहे. याचा दुकानदाराला राग येत नाही. गिऱ्हाईक मडके वाजवून घेणारच, हे त्याला ठाऊक असते.

आता बाजार मोबाइलच्या पडद्यावरही भरतो. पेन ड्राइव्ह, पॉवर बँक, चार्जर, इअरफोन अशा वस्तू तेथे फार कमी किमतीत मिळतात. वस्तू डोळ्यांना दिसते, पण हाताला लागत नाही. आपण चित्र पाहतो, चार लोकांनी केलेली स्तुती वाचतो आणि पैसे देतो. मग वस्तू घरी आली की ती तपासतो का? बहुतेक जण तपासत नाहीत. दिवा लागला की ते खूश होतात. ही सवय बदलली पाहिजे, असे मला वाटते.

माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. त्याने चारशे रुपयांत 512 जीबीचा पेन ड्राइव्ह मागवला. घरी आल्यावर त्याने दोन फोटो त्यात घालून पाहिले. ते नीट उघडले. मग बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो आणि व्हिडिओ त्याने त्यात ठेवले आणि मोबाइलमधून काढून टाकले. दोन महिन्यांनी पाहतो तर फायलींची नावे दिसत होती, पण बहुतेक फायली उघडत नव्हत्या. त्यातच त्याच्या आजोबांचे शेवटचे फोटो होते. वस्तू परत करण्याची मुदतही संपली होती. चारशे रुपये पुन्हा मिळवता येतील, पण ते फोटो कोठून आणायचे?

असे का झाले? पेन ड्राइव्हमध्ये माहिती साठवणारी चिप असते आणि तिच्यावर देखरेख करणारी दुसरी चिप असते. संगणक विचारतो, ‘‘तुझ्यात जागा किती?’’ देखरेख करणारी चिप उत्तर देते. लबाड लोक या चिपला खोटे बोलायला शिकवतात. खरी जागा 16 जीबी असली तरी ती 512 जीबी सांगते. जागा भरेपर्यंत सारे ठीक चालते. त्यानंतरची माहिती हरवते किंवा जुन्या माहितीवरच लिहिली जाते. म्हणून दोन फोटो उघडले, ही काही परीक्षा नव्हे. पेन ड्राइव्ह पूर्ण भरायचा आणि भरलेले सगळे परत वाचून पाहायचे, ही खरी परीक्षा. हे काम करणारा ‘एफ-थ्री’ नावाचा प्रोग्राम मोफत मिळतो. परीक्षेला काही तास लागतील. लागू द्या.

पण मित्रांनो, परीक्षा घेणाऱ्यानेही न्यायाने वागले पाहिजे. पॉवर बँकेचे उदाहरण घ्या. तिच्यावर 10,000 एमएएच लिहिलेले असते. ती 5,000 एमएएचचा मोबाइल दोनदा भरत नाही, म्हणून लगेच ‘‘फसवले!’’ असे ओरडू नका. आधी गणित करा. तो आकडा आतल्या बॅटरीचा असतो आणि त्या बॅटरीचा दाब साधारण 3.7 व्होल्ट असतो. मोबाइलकडे वीज 5 व्होल्टने जाते. म्हणून 10,000 ला 3.7 ने गुणून 5 ने भागा. उत्तर येते 7,400. वीज बदलताना काही भाग उष्णतेत जातो. मोबाइलमध्ये भरतानाही थोडी वीज वाया जाते. त्यामुळे असा मोबाइल एकदा पूर्ण भरला आणि दुसऱ्यांदा थोडाफार भरला, तर पॉवर बँक प्रामाणिक आहे असे समजा. तो एकदाही भरला नाही, तर मात्र शंका घ्या. काही बनावट पॉवर बँकांत वजन वाढवण्यासाठी चक्क वाळू भरलेली सापडली आहे!

काही परीक्षा मात्र घरी घ्यायच्या नसतात. चार्जर ही त्यांतली वस्तू. आपल्या घरातील वीज 230 व्होल्टची असते. चार्जर ती 5 व्होल्टच्या आसपास आणतो. त्याच्या आत या दोन बाजू एकमेकींपासून काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्या लागतात. पैसे वाचवण्यासाठी येथे कसर केली, तर एखाद्या दिवशी घरातली वीज थेट हातातल्या मोबाइलपर्यंत पोहोचू शकते. म्हणून चार्जर उघडून पाहू नका. त्यावरचा शिक्का पाहा. भारतात मोबाइलच्या चार्जरला आणि पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. शिक्का तर कोणीही छापू शकतो. म्हणून तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये घालून पाहा. चार्जर फार तापला, जळका वास आला किंवा बारीक ठिणगी दिसली, तर तो वापरणे ताबडतोब बंद करा.

कोणी म्हणेल, ‘‘एवढी कटकट कशाला? महागाची वस्तू घ्यावी आणि मोकळे व्हावे.’’ हे मला पटत नाही. सर्वांच्या खिशात तेवढे पैसे नसतात. शिवाय स्वस्त वस्तू वाईटच असते असे नाही, आणि महाग वस्तू चांगलीच असते असेही नाही. उलट ज्याच्याकडे पैसे कमी, त्यानेच अधिक तपासून घ्यावे. श्रीमंताचे चारशे रुपये बुडाले तर तो विसरून जाईल. तुमच्या अब्बांचे चारशे रुपये बुडाले तर ती दिवसभराची मेहनत बुडाली.

वस्तू खोटी निघाली तर गप्प बसू नका. बिल जपून ठेवा. परत करण्याची मुदत संपण्याआधीच परीक्षा घ्या. विक्रेता ऐकत नसेल, तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या बाजूने आहे. 1915 या क्रमांकावर घरातील मोठ्या माणसांना तक्रार करता येते. आणखी एक काम करा. परीक्षेत जे दिसले ते खरेखरे लिहा, म्हणजे पुढचा माणूस फसणार नाही. वस्तू चांगली निघाली, तर तेही तेवढ्याच मोकळेपणाने लिहा. प्रामाणिक विक्रेत्याचा तो हक्क आहे.

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते,’ ही म्हण तुम्हांला माहीत आहे. वेष्टनावर छापलेला आकडा हा विक्रेत्याचा शब्द असतो. तो खरा आहे की नाही, हे आपण तपासायचे असते. आजी अजूनही मडके वाजवूनच घेते. तिच्या नातवंडांनी ही रीत का सोडावी?