क्वेरी तीच, मग गुन्हेगार कोण?

मंडळी, गेला सोमवार आमच्या टीमला चांगलाच महागात पडला. टेस्ट सर्व्हरवर 2 सेकंदांत येणारा रिपोर्ट नव्या लाइव्ह सर्व्हरवर तब्बल 6 मिनिटं घेत होता. पोस्टग्रेसचं व्हर्जन तेच, डेटा तोच, इंडेक्स तेच. उलट नव्या मशीनला रॅम दुप्पट!

मग काय, नेहमीचं सुरू झालं. मॅनेजर म्हणाला, "अजून रॅम टाका." नेटवर्कवाला म्हणाला, "माझ्याकडे बघू नका." शेवटी सगळ्यांची बोटं वळली क्वेरी लिहिणाऱ्या पोराकडे. सहा महिन्यांपूर्वी कॉलेजातून आलेला, अजून प्रोबेशनवर. बिचाऱ्याने रात्री 11 पर्यंत बसून क्वेरी तीनदा नव्याने लिहिली. फरक शून्य. साप साप म्हणून भुई धोपटणं, दुसरं काय!

मंगळवारी सकाळी आम्ही दोघांनी दोन्हीकडे 'एक्स्प्लेन अॅनलाइज' चालवून प्लॅन शेजारी-शेजारी ठेवले. टेस्टवर हॅश जॉइन, लाइव्हवर नेस्टेड लूप. लाइव्हवर प्लॅनरचा अंदाज 50 ओळींचा, प्रत्यक्षात निघाल्या 3 लाख 80 हजार! पन्नासदा दुसऱ्या टेबलात डोकावणं ठीक आहे, पण पावणेचार लाख वेळा?

हे 50 आले कुठून? टेबलात 20 लाख ओळी. आकडेवारी नसली की पोस्टग्रेस कॉलममध्ये 200 वेगवेगळ्या व्हॅल्यू आहेत असं धरून चालतं. आमच्या अटी दोन कॉलमांवर. म्हणजे 20 लाख भागिले 200, परत भागिले 200. बरोब्बर 50! प्लॅनर वेडा नव्हता, आंधळा होता.

आता आकडेवारी का नव्हती? शनिवारी डेटा भरताना काम लवकर उरकावं म्हणून कोणीतरी ऑटोव्हॅक्यूम बंद केलं आणि परत चालू करायला विसरलं. तो कोणीतरी म्हणजे अस्मादिक. 'अॅनलाइज' ही एक कमांड दिली, मिनिटभरात संपली, आणि रिपोर्ट 2 सेकंदांवर आला.

खर्चाचा अंदाज बांधून प्लॅन निवडायची पद्धत आयबीएमच्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये मांडली. तेव्हापासून हा अंदाज आकडेवारीवरच उभा आहे. तरी आपण आधी हार्डवेअरला शिव्या घालतो, मग सगळ्यात ज्युनियर माणसाला. माझं सरळ मत आहे: दोन्ही प्लॅन समोर आल्याशिवाय मीटिंगमध्ये कोणाचंही नाव घ्यायचं नाही. आणि चूक आपली निघाली तर ती त्याच मीटिंगमध्ये, त्याच आवाजात सांगायची. मी सांगितली. सोपं नव्हतं, खोटं कशाला बोलू!

असो. रिपोर्ट मिनिटात सुधारला. त्या पोराची सोमवारची रात्र परत द्यायला मात्र कुठली कमांड नाही.